एका फळीची बखर

मराठीत कायमचे राहायला आलेल्या इंग्रजी शब्दांची कोणी खानेसुमारी केली, तर 'टेबल', 'स्टेशन', 'तिकीट' ही मंडळी मानाच्या पानावर बसतील यात शंका नाही. पण त्याच पंगतीत, कोपऱ्यात गुपचूप बसलेला एक शब्द असा आहे, की दर घासाला त्याचा पोशाख बदलतो. तो शब्द म्हणजे 'बोर्ड'. दुकानावर लागतो तो बोर्ड. विजेची बटणे ज्यावर बसवतात तोही बोर्ड. मुलगी दहावीला बसली की ती बोर्डाची परीक्षा, आणि परीक्षा संपल्यावर घरात पावडर टाकून सरसावतात तो कॅरमचा बोर्ड. कंपनीचा कारभार पाहते ते बोर्ड. खेड्यातला मुलगा शिकायला तालुक्याला गेला की राहतो ते बोर्डिंग. विमानतळावर हातात देतात तो बोर्डिंग पास. आणि नातवाच्या संगणकात जे बिघडले म्हणून दुरुस्तीवाला डोके खाजवतो ते मदरबोर्ड.

यात आपल्या मराठीचीही एक खुबी आहे, ती जाता जाता सांगतो. दारावरची पाटी असेल तर आपण 'तो बोर्ड' म्हणतो. कारभारी मंडळी जमली असतील तर बहुधा 'ते बोर्ड' म्हणतो. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही. आपण मात्र त्याला घरात घेताना लाकडाला पुल्लिंग दिले आणि माणसांना नपुंसकलिंग. हे कोणी ठरवून केले नाही. परंतु ज्यांनी एखाद्या बोर्डाकडे अर्ज करून उत्तराची वाट पाहिली आहे, त्यांना ही वाटणी चुकली असे वाटणार नाही.

शब्दांच्या परसदारी डोकावण्याची मला जुनी खोड आहे. पुढच्या दाराने सगळेच शब्द कपडे करून येतात. परसदारी गेले म्हणजे त्यांची खरी आई, मावशी, सवत दिसते. 'बोर्ड'च्या परसदारी गेलो तेव्हा पहिलीच गोष्ट दिसली ती ही, की हा एक शब्द नाही. एका अंगरख्यात शिरलेले हे दोन शब्द आहेत.

जुन्या जर्मानिक भाषांत एक शब्द होता त्याचा अर्थ फळी, लाकडाचा चिरलेला पातळ तुकडा. दुसरा एक शब्द होता त्याचा अर्थ कडा, बाजू, विशेषतः जहाजाची बाजू. दोघांचा उच्चार इतका जवळचा होता की हे मुळात सख्खे भाऊ की नुसते शेजारी, यावर पंडितांत अजून एकमत नाही. इंग्रजीच्या अगदी जुन्या रूपात, म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी, ते दोघे 'बोर्ड' या एकाच उच्चाराखाली एकत्र नांदू लागले होते. शिवाय कडा या अर्थाचा शब्द फ्रँक लोकांकडून फ्रेंच भाषेत गेला, तिथे त्याला शेपूट फुटून 'बोर्द्यूर' झाला आणि तो परत फिरून इंग्रजीत 'बॉर्डर' म्हणून आला. म्हणजे दिवाळीच्या खरेदीत आपल्या घरच्या मंडळी 'बॉर्डर जरा रुंद दाखवा' असे जे म्हणतात, ती बॉर्डर आणि त्या दुकानावरचा बोर्ड हे एकमेकांचे नात्यातले लागतात.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या घरात हाच प्रकार घडला आहे. नदीचा काठ, लुगड्याचा काठ यातला 'काठ' विद्वान लोक संस्कृत 'कंठा'कडे नेतात, म्हणून जुने लोक त्याच्या डोक्यावर अनुस्वार देऊन 'कांठ' लिहीत. आणि 'काठी', 'काठवट' यांच्यातला 'काठ' हा 'काष्ठा'चा, म्हणजे लाकडाचा. १९६२ सालच्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार पुसले, आणि कडा व लाकूड मराठीतही एका रूपाने उभे राहिले. इंग्रजांच्या फळीचे आणि कडेचे जे झाले, तेच आपल्याकडेही. फक्त त्यांच्याकडे ते आपोआप झाले आणि आपल्याकडे त्याला महामंडळाचा ठराव लागला.

आता आधी कडेकडे वळू, कारण ती समुद्राकडे नेते.

उत्तर युरोपातल्या जुन्या नावांना सुकाणू मागे मध्यभागी नसे. एक मोठे रुंद वल्हे नावेच्या मागल्या भागात उजव्या बाजूला बांधलेले असे आणि तांडेल ते हाताने वळवी. नॉर्वेत गोकस्टाड येथे १८८० साली एका टेकाडाखालून नवव्या शतकातले अख्खे जहाज निघाले. त्याचे सुकाणू असेच उजवीकडे आहे. ज्या बाजूला सुकाणू ती 'स्टिअर'ची बाजू, म्हणजे 'स्टारबोर्ड'. याचा आकाशातल्या ताऱ्यांशी काडीचाही संबंध नाही. वल्हे हाकताना तांडेलाची पाठ डावीकडे होई, म्हणून डावी बाजू 'बॅकबोर्ड', पाठीकडची. नवव्या शतकात आल्फ्रेड राजाच्या पदरी एका नॉर्वेजियन दर्यावर्द्याने आपल्या प्रवासाची हकिगत सांगितली, तीत हे दोन्ही शब्द आलेले आहेत. फ्रेंच खलाशी आजही त्याच दोन शब्दांची आपली रूपे वापरतात.

इंग्रजांनी मात्र पुढे डाव्या बाजूचे नाव बदलले. धक्क्याला लागताना सुकाणूचे वल्हे चिरडू नये म्हणून डावी बाजू धक्क्याकडे करीत आणि माल तिकडूनच चढवीत. म्हणून ती भरण्याची बाजू, 'लार्बोर्ड'. झाले काय, की 'स्टारबोर्ड' आणि 'लार्बोर्ड' हे एकमेकांचे जुळे भाऊ होऊन बसले. वादळात, शिडे फडफडत असताना, वरून ओरडलेला हुकूम खाली निम्माच पोचतो. उजवीकडे की डावीकडे, हा प्रश्न अशा वेळी व्याकरणाचा राहत नाही, जिवाचा होतो. अखेर १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून 'लार्बोर्ड' रद्द केला आणि 'पोर्ट' म्हणायचे ठरवले. एका शब्दाच्या पहिल्या अक्षरापायी आरमाराला फर्मान काढावे लागले, याचे आम्हा शब्दवेड्यांना फार समाधान वाटते.

जहाजाच्या कडेला जाऊन भिडणे आणि वर चढणे हेही 'बोर्ड' करणेच. आज त्याचा अर्थ रांगेत उभे राहून पास दाखवणे इतका सभ्य झाला आहे. पण मुळात हातात तलवार घेऊन शत्रूच्या जहाजावर उडी मारणे असाही त्याचा अर्थ होता. आंग्र्यांच्या गलबतांनी कोकण किनाऱ्यावर कंपनीच्या जहाजांना गाठून जे केले, त्याला इंग्रजीत हेच क्रियापद लागते. कंपनीचे लोक त्याला चाचेगिरी म्हणत. कान्होजी सरखेल होते, आणि समुद्रावर दस्तक कोणाचे चालायचे असा तो वाद होता. पण तो विषय वेगळा. विमानतळावरचा 'बोर्डिंग पास' हा कडेच्या घराण्यातला, आणि 'बोर्डिंग स्कूल' मात्र फळीच्या घराण्यातले, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

तर आता फळी.

जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे ढालही. लिंडन नावाच्या झाडाच्या हलक्या फळ्यांची ढाल करीत, आणि ढालींना ढाली भिडवून उभ्या राहिलेल्या योद्ध्यांच्या रांगेला 'बोर्डवॉल', फळ्यांची भिंत, म्हणत. हे वाचले आणि मी चमकलो, कारण संस्कृतातला 'फलक' उघडून पाहिला तर तिथेही अर्थ हेच: फळी, आणि ढाल. आणि मराठीत लढाईच्या किंवा राजकारणाच्या रांगेला आपण काय म्हणतो? 'आघाडीची फळी.' वर्तमानपत्रात रोज कोणाची तरी फळी फुटते. त्या फळीत लाकूड शोधायला कोणी जात नाही. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चित्र काढले. लाकडाची फळी हातात धरून माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली की आधी ती फळीच दिसते.

लढाई संपली की जेवण. या शब्दाचे खरे भाग्य उजळले ते जेवणात.

मध्ययुगातल्या इंग्लंडात सरदाराच्या दिवाणखान्यात आजच्यासारखे पक्के टेबल क्वचितच असे. घोड्या मांडायच्या, त्यांवर लांब फळ्या टाकायच्या, वर कापड अंथरायचे, की झाली जेवणाची सोय. जेवण उरकले की फळ्या भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि त्याच जागेत रात्री नोकरमंडळी झोपायची. म्हणून जेवणाला बसायची जागा ती 'बोर्ड', पुढे वाढलेले अन्न तेही 'बोर्ड', आणि पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी रोज जेवणारा तो 'बोर्डर'. स्वीडनमध्ये आजही टेबलाला 'बोर्ड'च म्हणतात, आणि डच माणूस 'बोर्ड' म्हणाला तर तो बहुधा ताटली मागत असतो. तेव्हा आपल्याकडे जुन्या हॉटेलांवर 'बोर्डिंग अँड लॉजिंग' असे लिहिलेले असते, त्यातले झोपणे दुसऱ्या शब्दात आहे. पहिल्यात फक्त खाणे आहे. 'बोर्डिंग' याचे चोख मराठी भाषांतर 'खानावळ'. हे आपण पुरते विसरलो. आपल्या मनात बोर्डिंग म्हणजे लोखंडी खाट आणि वळकटी. याची आठवण ठेवा, शेवटी लागणार आहे.

पेले मांडून ठेवायची फळी ती 'कप-बोर्ड'. तिला पुढे बाजू आल्या, दारे आली, आणि आत काहीही ठेवू लागले तरी नाव पेल्यांचेच राहिले. आमच्या 'कपाटा'ची कथा याच्या उलटी आहे. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. बद्रीनाथाचे कपाट उघडले असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी देवळातली कपडे ठेवायची जागा उघडत नाही. इंग्रजांच्या कपाटाला आधी फळी होती, मग दार आले. आमच्याकडे आधी दारच होते, त्याला मागून कपाट फुटले. पत्ते खेळताना हात फळीच्या वर, सर्वांना दिसतील असे ठेवायचे, म्हणून प्रामाणिक व्यवहाराला इंग्रजीत 'फळीच्या वरचा' म्हणतात. खालच्या व्यवहाराला आपल्याकडे 'टेबलाखालून' म्हणतात. तेव्हा हिशेब जुळला.

हिशेबावरून आठवले. इंग्लंडच्या राजाचा खजिनाही एका फळीवरच चाले. रिचर्ड फिट्झनायजेल नावाच्या खजिनदाराने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या फळीचे वर्णन लिहून ठेवले आहे: सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, आणि वर ठेवलेले काही खाली पडू नये म्हणून चहूकडे चार बोटे उंचीची कड. तीवर काळे कापड अंथरलेले, त्यावर रेघा. त्या चौकटींत सोंगट्या सरकवून वर्षाचा जमाखर्च मांडीत. समोर बसलेला वसुली अधिकारी घामाघूम होई. हे सारे बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून खात्याचे नाव 'एक्स्चेकर' पडले. आणि बुद्धिबळाचा तो शब्द थेट फारसी 'शाह'पर्यंत, आपल्या 'शह'पर्यंत जातो. बँकेतल्या 'चेक'लाही त्याच वंशावळीत जागा आहे.

पण फळीवर गणित करण्याचा मान पहिल्याने इंग्रजांना द्यायचे कारण नाही. आपल्याकडे अंकगणिताचे नावच 'पाटीगणित'. पाटी म्हणजे फळी. तीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचे नाव 'पाटीगणित', आणि भास्कराचार्यांची ११५० सालची 'लीलावती' त्याच परंपरेतली. हे हिंदी आकडे अरबांकडे गेले ते धुळीच्या फळीसकट गेले, आणि अरबांनी त्या पद्धतीला नाव दिले 'हिसाब अल्-तख्त', तख्तावरचा हिशेब. तख्त!

इथे मात्र थांबावेसे वाटते. फारसीत 'तख्ता' म्हणजे फळी आणि 'तख्त' म्हणजे सिंहासन; दोन्ही एकाच लाकडाचे. पाढ्यांचा 'तक्ता', वाड्याची 'तक्तपोशी' आणि दिल्लीचे 'तख्त' ही एकाच झाडाची फळे. आपला 'पाट' तरी काय करतो? संस्कृत 'पट्ट' म्हणजे फळी, शिळा, आणि राजाचे आसनही. 'पट्टाभिषेक' त्यातला, 'पट्टराणी' त्यातली. जेवायला बसायचा पाट आणि पट्टराणीचा पट्ट हे एकाच घरचे. गावच्या पाटलालाही पंडित लोक ताम्रपट्टाच्या 'पट्टकिला'कडे नेतात. थोडक्यात, पूर्वेकडे फळी उचलून तिच्यावर एक माणूस बसवला आणि तिचे सिंहासन झाले. इंग्लंडात फळीच्या भोवती माणसे बसली आणि तिचे मंत्रिमंडळ झाले. मला हा भेद फार मोठा वाटतो. पण यावरून ते लोक जन्मजात लोकशाहीवादी असे कोणी म्हणू लागेल तर त्याला थांबवले पाहिजे. फळीभोवती कोण बसू शके आणि कोण उभा राही, हे तिकडेही ठरलेले होते. सरदाराला खुर्ची, बाकीच्यांना बाकडी. सभेत ज्याला खुर्ची तो 'चेअरमन'. आपण त्याला 'अध्यक्ष' म्हणतो, म्हणजे वरून पाहणारा. त्यांनी बसण्याची जागा पाहिली, आपण डोळा पाहिला.

सोळाव्या शतकात राजाचे सल्लागार ज्या टेबलाशी बसत, त्या टेबलाचेच नाव त्या मंडळींना मिळाले. मग बोर्डांचे पीक आले. राजाच्या मुदपाकखान्याचा हिशेब पाहणारे 'हिरव्या कापडाचे बोर्ड', १६९६ सालचे व्यापाराचे बोर्ड, समुद्रावर रेखांश कसा ओळखावा यासाठी २०,००० पौंडांचे बक्षीस लावणारे १७१४ सालचे रेखांशाचे बोर्ड. आणि १७८४ साली पिटच्या कायद्याने ते बोर्ड जन्मले ज्याच्याशी आपला संबंध आला: 'बोर्ड ऑफ कंट्रोल'. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर लगाम ठेवणारे हे सहा जणांचे मंडळ. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात एल्फिन्स्टनसाहेब होते खरे. पण कंपनीवरचा लगाम लंडनच्या या टेबलावर होता, आणि टेबलाच्या प्रमुखपदी होते जॉर्ज कॅनिंग, ज्यांनी हिंदुस्थानचा किनारा जन्मात पाहिला नाही. १८५८ साली कंपनीबरोबर हे बोर्ड संपले. सत्तर वर्षांनी, १९२८ साली, क्रिकेटसाठी एक 'बोर्ड ऑफ कंट्रोल' आपल्याच देशात निघाले. त्या बोर्डाची सत्ता पहिल्यापेक्षा कमी आहे की जास्त, हे ज्याने त्याने ठरवावे.

मुंबईत शिक्षणाचे बोर्ड आले १८४० साली. त्यात तीन देशी सभासद होते आणि त्यांत एक जगन्नाथ शंकरशेट. १८४३ साली सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले, आणि या टेबलाशी एक वाद पेटला जो आज दर जून महिन्यात आपल्या घराघरांत पेटतो: मुलांना शिकवायचे कोणत्या भाषेत? पेरीसाहेबांचे म्हणणे इंग्रजीत. नाना शंकरशेट, दुसरे देशी सभासद आणि कर्नल जर्व्हिस नावाचा इंग्रज यांचे म्हणणे देशी भाषांत. नानांनी १८४७ साली आपले मत लेखी नोंदवले. इंग्रजी शिक्षणाचे ते शत्रू नव्हते, उलट एल्फिन्स्टन संस्थेचे आधारस्तंभ होते. पण सर्वसामान्य मुलांपर्यंत विद्या पोचायची तर ती मराठी-गुजरातीतूनच, हे त्यांना दिसत होते. त्या टेबलाशी ते नसते तर कागदावर ती बाजू किती ठामपणे उमटली असती, याची मला शंका आहे. १८५५ साली ते बोर्ड जाऊन सरकारी शिक्षणखाते आले. वाद शिल्लक राहिला.

दुसरेही एक बोर्ड आपल्याकडे आले, ते सातासमुद्रांपलीकडून. अमेरिकेत १८१० साली परदेशी धर्मप्रचारासाठी एक 'अमेरिकन बोर्ड' निघाले आणि त्याचे पहिले लोक, हॉल आणि नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. धर्मांतराच्या कामात त्यांना काय मिळाले हा प्रश्न बाजूला ठेवू. पण त्याच बोर्डाने पाठवलेल्या सिंथिया फॅरार या अविवाहित बाई १८२७ साली आल्या, आणि त्यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी त्या शाळा पाहिल्या. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण याच फॅरारबाईंकडे झाल्याची नोंद आहे. मग पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ साली काय झाले, ते मी सांगायला नको.

शाळेत फळ्याचेही नाव 'बोर्ड'. काळा रंग दिलेली मोठी फळी भिंतीला लावून सगळ्या वर्गाला एकदम दाखवायची, ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पसरली. त्याआधी जो तो आपल्या पाटीवर. फळा आला आणि वर्ग एक झाला, असे शिक्षणशास्त्राची पुस्तके सांगतात. तसे झाले का? धनंजय कीरांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला एक प्रसंग नोंदवला आहे. गुरुजींनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. इतर मुले आपले जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवीत. भीमराव फळ्यापाशी पोचण्याआधी वर्गात एकच गोंधळ उडाला आणि मुलांनी धावत जाऊन डबे दूर फेकले. शिवाशिव होऊ नये म्हणून.

'बोर्ड'चे दोन अर्थ, लिहायची फळी आणि अन्न, कोशात शेजारी शेजारी छापलेले असतात. त्या वर्गात ते पुढे-मागे ठेवलेले होते, आणि एका मुलाने पुढचा अर्थ वापरायला घेतला तर मागचा विटाळेल, अशी बाकीच्या वर्गाची समजूत होती. कोश वाचताना मला हा प्रसंग आठवला आणि काही वेळ पुढचे पान उलटवले नाही.

लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात तालुका व जिल्हा लोकल बोर्डे आली. रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा हे त्यांचे काम. जुन्या माणसांच्या तोंडी 'बोर्डाची शाळा', 'बोर्डाची विहीर' असे शब्द असत, आणि त्यांत सरकारपेक्षा थोडी अधिक जवळीक असे. पण विहीर बोर्डाची, म्हणजे पाणी कोणाचे? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडून संमत करून घेतला, की सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत. ठराव झाला, परिपत्रके निघाली, आणि बहुतेक ठिकाणी ती फायलीत निजली. तेव्हा बोल्यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवावे. पैशाची गाठ मारल्याशिवाय फळी हलत नाही, हे या माणसाने बरोबर ओळखले होते. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर खुल्या झालेल्या त्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे प्यायली, आणि त्यासाठी त्यांना डोकी फोडून घ्यावी लागली. लोकल बोर्डे १ मे १९६२ ला गेली, जिल्हा परिषदा आल्या. एक बोर्ड उतरवून दुसरा लावला गेला.

आता बोर्डिंग. मी म्हटले होते की ते शेवटी लागेल.

छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. मग जैनांचे, मुसलमानांचे १९०६ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ साली, अशी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली. जातीजातींची वेगळी वसतिगृहे काढली म्हणून महाराजांना बोल लावणारे आजही भेटतात. त्यांनी एवढे पाहावे, की कोल्हापुरात त्याआधी सर्वांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात व्यवहारात कोण टिकले होते. झोपायला एका छपराखाली मुले ठेवता येत होती. अडत होते ते जेवणाशी. कोण कोणाच्या हातचे खाणार, कोण कोणाच्या पंगतीला बसणार. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आपण विसरलो होतो, पण नेमक्या त्याच अर्थावर गाडे अडत होते. महाराजांनी ते गाडे तिथेच उभे न ठेवता आधी प्रत्येकाला आपापली फळी दिली. मला त्यात व्यवहाराची मोठी समज दिसते.

कर्मवीर भाऊराव पाटील त्या कोल्हापुरातच शिकलेले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. इथे मात्र फळी एकच ठेवली. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी मुले एकत्र राहणार, आळीपाळीने एकत्र स्वयंपाक करणार आणि एका पंगतीला बसून तो खाणार. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधी साताऱ्याला आले, त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले: 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस'. नाव मोठे होते, पण रोज दोन वेळा इतक्या मुलांच्या भाकरीचे पीठ आणायचे कोठून, हा प्रश्न नावाने सुटत नव्हता. भाऊराव गावोगाव धान्य मागत फिरत. घरी लक्ष्मीबाई होत्या. खात्यापित्या घरच्या, माहेरून चांगले सोने घेऊन आलेल्या. जैन घराण्यातल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईने साऱ्या जातींची मुले आपली म्हणून घरात घेतली. दागिने एकेक करून सोनाराकडे गेले. शेवटी, कोठीत दाणा उरला नाही तेव्हा, गळ्यातले मंगळसूत्रही गेले. त्या दिवशी बोर्डिंगाची चूल पेटली.